'काही लागले तर सांग' एवढ्याने बाळंतिणीचे भागत नाही

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

घरात बाळ आले की नवरा, सासू, नणंद, शेजारीण, सगळे बाळंतिणीला एक वाक्य हमखास म्हणतात : "काही लागले तर सांग." म्हणणाऱ्याच्या मनात आस्थाच असते. तरीही बाळंतपणानंतर नैराश्यात गेलेल्या पुष्कळ बायकांना या वाक्याचा उपयोग होत नाही. एकीला सारखे काहीतरी लागते, ती सारखे सांगते आणि पंधरा दिवसांत ऐकणारे कंटाळतात. दुसरीला कितीही लागत असले तरी ती तोंडातून शब्द काढत नाही. पहिलीला घरचे 'हळवी' म्हणतात, दुसरीला 'खंबीर', आणि दोघींचे दुखणे तिथेच सोडून दिले जाते.

या फरकाला मानसशास्त्रात अटॅचमेंट स्टाइल असे नाव आहे. मराठी पाठ्यपुस्तकी शब्द घेतला तर अनुबंधशैली. सोप्या भाषेत, अडचण आली की माणसाकडे कसे वळायचे याची लहानपणापासून पडलेली धाटणी. मुंबईतल्या प्रसूतिगृहात, लसीकरणाच्या रांगेत आणि घरोघरी जाणाऱ्या सेविकांच्या हातात ही कल्पना उपयोगी पडू शकते, म्हणून हे सविस्तर पत्र.

आधी एक गोंधळ दूर करायला हवा, कारण त्याने बायका दुखावल्या जातात. 'आईची अटॅचमेंट' म्हटले की लोक 'आईला बाळाची माया किती' असा अर्थ घेतात. प्रत्यक्षात या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आईला बाळाबद्दल वाटणारी ओढ ही एक. पहिल्या वर्षभरात बाळाचा आईवर, आजीवर, जो सांभाळतो त्याच्यावर जो भरवसा बसतो ती दुसरी. आणि आईची स्वतःची धाटणी, म्हणजे तिचा आपल्या आईवर, नवऱ्यावर, बहिणीवर किती भरवसा आहे, ही तिसरी. या पत्राचा विषय ही तिसरी गोष्ट आहे. तिच्यात बाळावरचे प्रेम कमी-जास्त असण्याचा प्रश्नच येत नाही.

या विचाराचा पाया ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी घातला. मेरी एन्सवर्थ यांनी आधी युगांडात आणि मग अमेरिकेत बाळे व आया यांचे तासन्‌तास निरीक्षण करून त्याला आकार दिला. मोठ्या माणसांच्या नात्यांतही हीच धाटणी दिसते का, हे सिंडी हझान आणि फिलिप शेव्हर यांनी तपासले, आणि त्यांच्या १९८७ च्या निबंधातली माहिती एका वर्तमानपत्रात छापलेल्या प्रश्नावलीतून गोळा झालेली होती. उत्तर पाठवणाऱ्यांपैकी ५६ टक्के लोकांनी स्वतःला सुरक्षित गटात धरले, २५ टक्क्यांनी अंतर राखणाऱ्या आणि १९ टक्क्यांनी धास्तावलेल्या गटात. म्हणजे शंभरातली चाळीसहून अधिक माणसे 'असुरक्षित' धाटणीची निघाली. इतक्या लोकांत आढळणाऱ्या गोष्टीला आजार म्हणता येत नाही. पुढे १९९१ मध्ये बार्थोलोम्यू आणि होरोविट्झ यांनी चार प्रकार मांडले : सुरक्षित, धास्तावलेली, अंतर राखणारी, आणि जवळीक हवी असून तिचीच भीती वाटणारी. आपल्या कामापुरते हे चार पुरेत.

आता नैराश्याकडे. भारतातल्या ३८ अभ्यासांचा एकत्र आढावा २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला. त्यानुसार बाळंतपणानंतरच्या नैराश्याचे प्रमाण सुमारे २२ टक्के आहे. गोव्यात झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते २३ टक्के होते. दोन्हीकडे साधारण पाच आयांमध्ये एक. तिसऱ्या-चौथ्या दिवशी येणारे रडू, चिडचिड आणि भरून येणे यात धरलेले नाही. ते बहुतेकींना होते आणि दोन आठवड्यांत ओसरते. दोन आठवडे उलटूनही कशातच मन लागत नसेल, बाळ झोपले तरी झोप येत नसेल, 'मी आई म्हणून नालायक आहे' हे मनातून जात नसेल, तर ते नैराश्य समजून तपासायला हवे.

या दोहोंचा संबंध काय? असुरक्षित धाटणी असलेल्या आयांमध्ये नैराश्य अधिक आढळते, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, युरोप-अमेरिकेतल्या केंद्रांनी मिळून केलेल्या अभ्यासात एक बारकावा आढळला. लोकांपासून दूर राहणाऱ्या धाटणीचा संबंध गरोदरपणातल्या मानसिक त्रासाशी जास्त होता, तर धास्तावलेल्या किंवा भिणाऱ्या धाटणीचा बाळंतपणानंतरच्या त्रासाशी. आमच्या मते त्याहूनही कामाचा निष्कर्ष सिम्प्सन, ऱ्होल्स आणि सहकाऱ्यांच्या २००३ च्या अभ्यासाचा आहे. धास्तावलेल्या धाटणीच्या ज्या स्त्रियांना गरोदरपणातच नवऱ्याचा आधार कमी वाटत होता, त्यांची नैराश्याची लक्षणे बाळंतपणानंतर वाढली. धाटणी एका दिवसात बदलत नाही, पण आधार बदलता येतो, आणि तोही बाळ जन्मण्याच्या आधीपासून.

इथे तोल सांभाळायला हवा. आधी कधी नैराश्य येऊन गेलेले असणे, घरातली मारहाण, पैशाची ओढाताण, मुलगाच हवा हा धोशा, अपुऱ्या दिवसांचे किंवा काचेच्या पेटीत ठेवावे लागलेले बाळ, ही कारणे कुठल्याही धाटणीच्या बाईला खाली ओढतात. रक्त कमी असणे किंवा बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडणे यानेही गळून गेल्यासारखे होते. म्हणून समुपदेशन सुरू करताना हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) बघून घ्यावे. शिवाय नैराश्यात असलेली बाई जुन्या नात्यांकडेही काळ्या चष्म्यातून बघते. बरी झाल्यावर तीच बाई त्याच प्रश्नांना वेगळी उत्तरे देते. त्यामुळे धाटणी समजून घ्यायची खरी वेळ गरोदरपणातली, नाव नोंदवल्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या तपासणीची. बाळंतिणीला नैराश्याच्या ऐन भरात लांबलचक प्रश्नावली देऊन 'असुरक्षित' असा शिक्का मारण्यात काही अर्थ नाही.

धास्तावलेल्या धाटणीच्या आईला बाळाचे रडणे हा स्वतःविरुद्धचा कौल वाटतो. बाळ आजीच्या खांद्यावर शांत झाले की तिला हायसे वाटण्याऐवजी आत काहीतरी तुटते : 'त्याला मी नकोच आहे.' रात्री पाच-पाच वेळा उठून ती बाळाचा श्वास बघते. दूध पुरते का, हा प्रश्न ती दिवसातून दहा वेळा विचारते. घरचे आधी समजूत घालतात, मग 'किती तेच तेच विचारतेस' म्हणतात, आणि शेवटी तिच्या खोलीत जाणेच कमी करतात. तिला ज्याची भीती होती तेच झाले, लोक दूर गेले. हे चक्र तोडायला 'काळजी करू नकोस' हे शब्द फार अपुरे पडतात, कारण त्यांचा परिणाम तासभर टिकतो. त्याऐवजी तिच्या हाती मोजता येणारी गोष्ट द्यावी. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर बाळ चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू करत असेल आणि वजन दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढत असेल, तर दूध पुरते आहे. शूचे लंगोट भिंतीवरच्या कॅलेंडरवर रेघा ओढून मोजावेत, वजन आठवड्यातून एकदाच, एकाच काट्यावर करावे. रोज वजन केले तर आजचे दहा ग्रॅम कमी-जास्त दिसून धास्ती उलट वाढते. शंका विचारायलाही वेळ ठरवून द्यावी, उदाहरणार्थ संध्याकाळी सहाला बहिणीचा किंवा सेविकेचा फोन, आणि तो फोन चुकवू नये. ठरलेला फोन एकदा चुकला की आधीचे दहा फोन वाया जातात.

अंतर राखणारी आई ओळखणे फार कठीण, आणि आमच्या अनुभवात यंत्रणेच्या हातून निसटते ती हीच. तिचे बाळ स्वच्छ, टोपडे-झबले नीट, लसीची तारीख पाठ. विचारले तर उत्तर ठरलेले : "मी ठीक आहे, काही नको." मूल रडल्याशिवाय आई दूध पाजत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. या बाईने लहानपणी केव्हातरी शिकून घेतले की रडूनही कोणी येत नाही, तेव्हा रडणेच बंद केलेले बरे. नैराश्य तिच्या बोलण्यात उतरत नाही. ते डोकेदुखी, कंबरदुखी, दूध कमी होणे, नवऱ्यावर खेकसणे किंवा बाळाला हाताळताना आलेला यांत्रिकपणा यांतून दिसते. पुष्कळदा ते उशिरा, बाळ पहिल्यांदा तापाने फणफणते तेव्हा किंवा कामावर रुजू व्हायचे दिवस येतात तेव्हा उघडे पडते. तिला 'मन मोकळे कर' असे म्हटले की ती आणखी मिटते. तिच्याशी झोप, कंबर, पान्हा यांवर बोलावे आणि मदत न विचारता करून टाकावी. भांडी घासून ठेवली, दुपारी दोन ते चार बाळ बाहेर नेले, तर ती नको म्हणणार नाही. विचारले तर नक्की नको म्हणेल.

चौथ्या, म्हणजे जवळीक हवी असून तिचीच भीती वाटणाऱ्या, धाटणीत अनेकदा लहानपणचा मार, अत्याचार किंवा नात्यातली फसवणूक दडलेली असते. अशी बाई एकदा सगळे सांगून टाकते आणि पुढच्या तारखेला येतच नाही. सांगितल्याचीच तिला भीती बसते. तिच्यासाठी एकच नियम : दर वेळी माणूस तोच. पहिल्या भेटीत सेविका, दुसऱ्या भेटीत परिचारिका, तिसऱ्या भेटीत शिकाऊ डॉक्टर, आणि प्रत्येकाने पहिल्यापासून सगळे विचारायचे, असे झाले तर ती गेली म्हणून समजा.

आता तपासणीविषयी. बाळंतपणानंतरचे नैराश्य ओळखण्यासाठी जगभर वापरली जाणारी एडिंबरा प्रश्नावली १९८७ मध्ये तयार झाली. दहा प्रश्न, मागच्या सात दिवसांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ३०. थकवा आणि भूक यांवर तिच्यात मुद्दाम प्रश्न नाहीत, कारण ओली बाळंतीण थकलेली असतेच. सामान्यतः १३ किंवा अधिक गुण आले की तज्ज्ञांकडे पाठवतात, आणि १० ते १२ आले तर दोन आठवड्यांनी पुन्हा विचारतात. दहावा प्रश्न स्वतःला इजा करून घेण्याच्या विचाराचा आहे. तिथे शून्याखेरीज काहीही उत्तर आले, तर एकूण बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी, त्याच खोलीत पुढचे विचारायचे : विचार कधी येतो, काही ठरवले आहे का, बाळाबद्दलही असा विचार येतो का. असे विचारल्याने विचार डोक्यात घातला जातो, ही समजूत चुकीची आहे.

प्रश्नावली चांगली आहे, ती वापरण्याची रीत चुकते. गर्दीच्या ओपीडीत सासूबाई शेजारी उभ्या असताना प्रश्न मोठ्याने वाचले, तर दहाच्या दहा उत्तरे शून्य येतात. पुस्तकी मराठीत वाचले तर बाई 'हो' म्हणून मोकळी होते. 'सर्व काही डोईजड झाल्यासारखे वाटते का' हे तिला कळते, 'परिस्थितीशी सामना करण्याची क्षमता' कळत नाही. लिहिता-वाचता येणाऱ्या बाईला कागद हातात द्यावा आणि लस टोचायला बाळ आत नेतात तेव्हा सोबतच्या माणसाला बाळाबरोबर पाठवावे. तेवढी पाच मिनिटे पुरतात. निकाल माता-बाल संरक्षण कार्डावर लिहू नये. ते कार्ड घरातला प्रत्येकजण उघडतो. केंद्राच्या रजिस्टरमध्ये एक खूण पुरे.

अंतर राखणाऱ्या बाईचे गुण मात्र खासगी खोलीतही कमी येतात, आणि म्हणून प्रश्नावलीसोबत तीन साधे प्रश्न विचारावेत असा आमचा आग्रह आहे. रात्री दोन वाजता बाळ थांबत नाही आणि तुम्हालाही रडू येते, तेव्हा कोणाला उठवाल? उठवले तर ते माणूस काय म्हणेल? लहानपणी पडलात, ताप आला, तर कोणाकडे जायचात? याला गुण नाहीत, बेरीज नाही. पहिल्या प्रश्नाला लगेच एक नाव आले आणि दुसऱ्याला "उठेल, घेईल बाळाला" असे उत्तर आले, तर बाईच्या पायाखाली जमीन आहे. "कोणाला कशाला उठवायचे" असे उत्तर आले, तर एडिंबरा प्रश्नावलीत चारच गुण असले तरी तिला चौदाव्या आठवड्याच्या लसीच्या वेळी पुन्हा विचारायचे. "उठवीन, पण चिडतील" असे आले, तर बोलणे तिच्याशी जेवढे, तेवढेच नवऱ्याशीही करायचे. पाश्चात्त्य प्रश्नावल्या जोडीदाराभोवती फिरतात. आपल्याकडे ठरवून झालेल्या लग्नाच्या पहिल्या वर्षी पहिला फोन नवऱ्याला जाईलच असे नाही. तो बहिणीला, आईला, कधी चाळीतल्या काकूंना जातो. म्हणून प्रश्न 'कोणाला' असा उघडा ठेवावा.

माहेरचा मुद्दा यातून निघतो, आणि मुंबईत तो नीट पाहायला हवा. पहिले बाळंतपण माहेरी, सव्वा महिना शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मग सासरी, ही पद्धत बहुतेकींना मोठा आधार देते. पण जिची धाटणीच आईशी असलेल्या ताणातून घडली आहे, तिच्यासाठी माहेरचे ते चाळीस दिवस सगळ्यात कठीण असू शकतात, आणि 'माहेरी आहे म्हणजे सुखात असेल' असे धरल्यामुळे तिला कोणी विचारत नाही. दुसरीकडे, धास्तावलेल्या धाटणीच्या मुलीला सव्वा महिन्यानंतर सासरी परतणे हा मोठा विरह असतो. नेमक्या याच टप्प्यावर यंत्रणेचा धागाही तुटतो. नवजात बाळाच्या घरगुती देखभालीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात, दवाखान्यात झालेल्या बाळंतपणानंतर आशा सेविकेच्या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ठरलेल्या आहेत. सव्वा महिना संपतो तेव्हा शेवटची भेट यायची असते, आणि बाई महाडहून लालबागला किंवा विरारहून चेंबूरला निघालेली असते. तिथल्या वहीत ती 'गेली', इथल्या वहीत ती 'आलेली नाही'. उपाय खर्चाचा नाही. गरोदरपणात नाव नोंदवतानाच दोन्ही पत्ते आणि बाईचा स्वतःचा मोबाइल क्रमांक घ्यावा (नवऱ्याचा वेगळा), आणि चाळिसाव्या दिवसाच्या आसपास सासरच्या केंद्राने एक फोन करावा. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसी तर आहेतच. बाळासाठी आई येते, स्वतःसाठी येत नाही. तेव्हा तिला विचारायची जागा तीच.

घरोघरी मालीश करायला येणाऱ्या बायकांचाही या कामात विचार व्हावा असे मनापासून वाटते. बाळंतिणीसोबत रोज तासभर, दार लावून, अंगाला हात लावून बसणारे दुसरे कोणी नसते. 'ही पंधरा दिवस बाळाकडे बघत नाही' हे पहिल्यांदा मालीशवालीलाच कळते. अशा बायकांना अर्ध्या दिवसाचे शिक्षण आणि एक फोन क्रमांक दिला, तर वस्तीतल्या केंद्राला फार लवकर सूचना मिळेल.

घरच्यांनी काय करायचे? मदत घड्याळाला बांधावी. 'काही लागले तर सांग' याऐवजी 'रात्री दहा ते अडीच बाळ माझ्याकडे' असे म्हणावे आणि रोज पाळावे. नैराश्यात सलग चार-साडेचार तासांची झोप औषधाइतकी मोलाची असते. त्यासाठी एका वेळचे दूध आधी काढून, मुंबईच्या उकाड्यात लगेच फ्रिजमध्ये ठेवून, वाटी-चमच्याने किंवा स्वच्छ उकळलेल्या बोंडल्याने पाजता येते. फ्रिज नसेल तर बाळाला आईच्या कुशीत आणून पाजून घ्यावे आणि लगेच उचलून न्यावे. ढेकर काढणे, लंगोट बदलणे, झोपवणे हे दुसऱ्याने करावे. दहा बाय बाराच्या खोलीत बाळाला 'दुसऱ्या खोलीत' नेता येत नाही, पण बाळंतिणीचे अंथरूण भिंतीकडे आणि बाळाचे नवऱ्याकडे एवढा बदल तरी करता येतो. दिवसा बाळाची मालीश नेहमी मालीशवालीकडून होत असेल, तर शेवटची दहा मिनिटे आईने करावी. तिच्या हातांना तो स्पर्श परत मिळायला हवा.

आणि तिला एक गोष्ट सांगावी. बाळांच्या चेहऱ्यांवरील हावभावांचा अभ्यास करणारे एडवर्ड ट्रॉनिक यांना असे दिसले की, सर्वसामान्य आई-बाळाची जोडीही समोरासमोर असताना सुमारे ३० टक्के वेळच एकमेकांशी जुळलेली असते. उरलेला वेळ चुकण्याचा आणि पुन्हा जुळवून घेण्याचा असतो. बाळाचा भरवसा त्या पुन्हा जुळवण्यातून बसतो. प्रत्येक रडण्याचा अर्थ पहिल्या झटक्यात कळलाच पाहिजे, असे ओझे कोणत्याही आईने घेऊ नये.

उपचारांत इंटरपर्सनल थेरपी (माणसामाणसांतल्या नात्यांवर काम करणारे समुपदेशन) ही पद्धत या विचाराच्या अगदी जवळची आहे. आठवड्याला एक अशा साधारण बारा बैठका होतात. सुरुवातीला कागदावर एकात एक तीन वर्तुळे काढून बाई आपली माणसे त्यांत मांडते, अगदी जवळची आतल्या वर्तुळात. आतले वर्तुळ रिकामे असणे किंवा त्यात एकच नाव असणे, यावरून पुढचे काम ठरते. मग एका माणसाकडे, एक लहान, नेमकी गोष्ट मागायची. 'तू मला समजून घेत नाहीस' हे मागणे होत नाही, 'रविवारी सकाळी बाळाची आंघोळ तू घाल' हे होते. धास्तावलेल्या बाईला एकदाच मागून थांबायला शिकवावे लागते, अंतर राखणाऱ्या बाईला मुळात मागायला. मात्र आईचे नैराश्य गेले की बाळाशी असलेले नाते आपोआप सुधारते, असे गृहीत धरू नये. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात याच पद्धतीने आयांचे नैराश्य उतरले, पण बाळाबरोबरच्या नात्यात तितकी सुधारणा झाली नाही. म्हणून शेवटच्या काही बैठकांना बाळ सोबत हवे.

नैराश्य मध्यम किंवा तीव्र असेल तर औषध लागते, आणि 'दूध खराब होईल' या भीतीने ते घरात बंद पाडले जाते. सर्ट्रालीन हे नैराश्यावरचे औषध दुधात फार कमी उतरते आणि स्तनपान चालू असताना ते सर्रास दिले जाते. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. बरे वाटल्यावरही ते साधारण सहा महिने तरी चालू ठेवावे लागते, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय एका दिवसात थांबवायचे नसते. दहाव्या दिवशी 'फरक नाही' म्हणून आणि दुसऱ्या महिन्यात 'बरी झाली' म्हणून, अशा दोन वेळी ते हमखास सुटते.

एका अवस्थेत मात्र धाटणी, प्रश्नावली काही बघत बसू नये. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बाई रात्र-रात्र जागी राहून भलतीच बडबड करू लागली, आवाज ऐकू येतात म्हणाली, 'हे बाळ माझे नाही, बदलले आहे' असे म्हणाली, तर ते बाळंतपणानंतरच्या तीव्र मनोविकाराचे लक्षण असू शकते. हजारात एक-दोन बायकांना हे होते. तिला आणि बाळाला एकटे ठेवू नये. अंगारा-धुपारा, देवरुषी यात रात्र न घालवता मानसोपचार विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत त्याच दिवशी न्यावे. दाखल करावे लागले तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार तीन वर्षांखालील मुलाला आईपासून सर्वसाधारणपणे वेगळे करता येत नाही. बाळ तान्हे आहे म्हणून दाखल करणे लांबवणाऱ्या घरांनी हे जाणून घ्यावे. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत आई आणि बाळ यांना एकत्र ठेवणारा विभाग २००९ पासून आहे. मुंबईसारख्या शहराच्या सार्वजनिक रुग्णालयांत अशा चार-पाच खाटा राखून ठेवाव्यात, अशी मागणी आम्ही या पत्रातून करतो.

शेवटी आपल्याकडे एक विनंती. बाळाला इजा केलेल्या किंवा स्वतःचा जीव देऊ पाहिलेल्या बाळंतिणीची बातमी येते, तेव्हा 'निर्दयी माता', 'आई की वैरीण' असे मथळे दिले जातात. तो मथळा दुसऱ्या दिवशी एखाद्या घरात 'मी ठीक आहे, काही नको' म्हणणारी बाईही वाचते, आणि तिचे तोंड आणखी घट्ट मिटते. अशा बातमीत बाळंतपण होऊन किती दिवस झाले होते हे द्यावे, मथळ्यातून ही विशेषणे काढावीत, आणि बातमीखाली चौकटीत टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक छापावा. तो विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येते.

आपले,
बाळंतिणींच्या मानसिक आरोग्याचे काम करणाऱ्या समुपदेशक,
परळ, मुंबई